दिव्याची मान

दिवेबाबांच्या दिवाणखान्यात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे बाबांच्या डोक्यावरच्या दिव्याकडे. भक्तानं प्रश्न विचारायचा, बाबांनी घसा खाकरायचा, की दिवा मंदावायचा, 'टक्' असा आवाज व्हायचा आणि दिवा पुन्हा लख्ख!

"दिव्यानं मान डोलावली! होकार आला!" बाबा गरजायचे. "देव नाही म्हणतच नाही!"

कसा म्हणेल? नकाराची सोयच नव्हती ना केलेली!

मागे भिंतीला टेकून विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. तो टक् आवाज त्यांच्याच घरचा होता. फ्रिजचा जुना स्टॅबिलायझर त्यांनी बाबांच्या शिष्याला फुकट देऊन टाकला होता, घरातली कटकट गेली म्हणून. इथं पहिल्याच दिवशी त्यांनी तो आवाज ओळखला. पण तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईनं, विचारलं होतं, "छकुली बरी होईल ना?" आणि होकार ऐकून फिट येणाऱ्या लेकीची ती आई कितीतरी दिवसांनी हसली होती. ते हसू बाईंच्यानं मोडवलं नाही. गप्प बसल्या.

मग त्यांच्या माघारी ताईनं फिटच्या गोळ्या बंद करू का, असं विचारलं. दिवा डोललाच. काल छकुली स्वयंपाकघरात कोसळली आणि ओट्याच्या कडेनं कपाळ फुटलं. आज टाके घातलेली पोर मांडीवर घेऊन ताई विचारत होती, "महाराज, माझीच श्रद्धा कमी पडली का हो?"

बाबा खाकरले. टक्.

ताई हुंदके देऊ लागली. बाई ताडकन उठल्या. "महाराज, दोन आणि दोन पाच होतात का?" असं विचारून त्या स्वतःच मोठ्यांदा खाकरल्या.

दिवा मंदावला. टक्. दिव्यानं मान डोलावली!

कुणीतरी फिस्सकन हसलं. "मध्ये खोकायचं नाही!" बाबा ओरडले.

"का बरं? घसा काय तुम्हालाच आहे?" बाईंनी आतला पडदा बाजूला ओढला. दाढीवाला शिष्य पाणी तापवायच्या हीटरच्या बटणावर बोट ठेवून बसला होता.

"खाकरलं की हा हीटर लावतो," बाई म्हणाल्या. "घरातल्या जुन्या वायरीवर एकदम भार येतो, व्होल्टेज पडतं, दिवा मंदावतो. मग आसनाखालची ही स्टॅबिलायझरची पेटी आतली जोडणी बदलते, टक् होतं आणि दिव्याला हवं तेवढं व्होल्टेज पुन्हा मिळतं. बिचारी आपलं काम चोख करते. तिला आजारातलं काय कळतंय?"

ताईनं वर पाहिलं. "ही पेटी तर तुझ्याकडची. तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." बाई ताईजवळ आल्या. "तू हसलीस गं, म्हणून..."

"माझं हसू जपलंस होय?" ताईनं छकुलीच्या पट्टीवर अलगद हात ठेवला. "आणि हे?"

बाई गर्दीकडे वळल्या. "होकार मिळाला की तो आला कुठून, ते आधी बघा. औषधाचं डॉक्टरांना विचारा, दिव्याला नको. आणि ज्याला खरं कळलंय, त्यानं मायेपोटीसुद्धा गप्प बसू नये. मी बसले होते."

मग त्यांनी छकुलीला उचलून घ्यायला हात पुढे केले. ताईनं पोर दिली नाही. स्वतःच कडेवर घेतली आणि डॉक्टरांकडे निघाली. बाई तिच्या चपला हातात घेऊन मागोमाग गेल्या.