दोनशे रुपयांतला बाजार

मार्चमध्ये माझ्या नवऱ्याच्या, रितेशच्या कंपनीने सगळ्यांचे पगार चाळीस टक्क्यांनी कापले, तेव्हा मी रडले नाही. मी आधी कंपनीला, मग काही कारण नसताना रितेशला आणि शेवटी फोनमधल्या त्या दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपला शिव्या दिल्या. आमचे निम्मे पैसे तिथंच जात होते. ॲप त्याच दिवशी काढून टाकलं आणि हैदराबादेतल्या आमच्या बरकतपुऱ्यातून रिक्षा करून थेट बेगमबाजार गाठला. तूरडाळ, तांदूळ, ज्वारी, चिंच, लाल मिरची, सगळं घाऊक भावात उन्हाळाभराचं भरून टाकलं. आमच्या मानसीच्या शाळेची फी जूनमध्ये भरायची होती. त्या पैशांना हात न लावता उरलेल्यात घर चालवायचं होतं आणि ते मला जमणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

शंका रितेशला होती. त्याची मोठी बहीण सुजाताताई पुण्याला असते आणि दर मे महिन्यात तिची दोन मुलं, अकरा वर्षांचा तेजस आणि सात वर्षांची गौरी, पंधरा दिवस आमच्याकडे येतात. मामाचं घर म्हटल्यावर आम्ही त्यांना वॉटर पार्क, मॉल, बाहेरची बिर्याणी असं भरपूर हिंडवायचो. यंदा तर ताईंनी फोनवर विचारलं होतं, महिनाभर ठेवशील का म्हणून.

"ताईला सांगू का, यंदा नक्को म्हणून?" रितेश म्हणाला.

"काइकू?" मी म्हणाले. "आई-बाबा गेल्यावर त्यांचं माहेर म्हणजे आपलं घर. मीच नको म्हटलं तर त्यांनी कुठं बघायचं? आणि पगाराचं एक अक्षर बोलायचं नाही. कळलं तर ताई मुलांना पाठवायच्याच बंद होतील, ते पण कायमच्या. माझ्या दारातून मुलं परत गेली असं मला व्हायला नको."

"एवढं जमल का तुला?"

"बघत राहा," मी म्हणाले.

मेच्या पहिल्या आठवड्यात मुलं आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिघांना ओळीत बसवलं आणि जाहीर केलं की यंदा वॉटर पार्क लहान मुलांसाठी आहे, तुम्ही आता मोठे झालात, यंदा तुम्ही घर चालवायचं. रोज एकाच्या हातात दोनशे रुपये मिळतील. किराणा घरात भरलेला आहे. भाजी, फळं, दही आणि वरचं जे काय लागेल ते त्या दोनशेत, पाच माणसांसाठी. त्यातून जे उरेल ते ज्याचं त्याचं, त्यानं वाटेल ती चैन करावी. हे मी इतक्या तोऱ्यात सांगितलं की मुलांना तो मानच वाटला. गौरीने तर माझ्या पर्सचा पट्टा लगेच गळ्यात घातला.

पहिल्याच दिवशी तिनं एकशे साठ रुपयांचे मुंजलू आणले. मुंजलू म्हणजे ताडगोळे; इथं उन्हाळ्यात हातगाडीवर मिळतात. मग दोन्ही वेळेला आम्ही भात आणि चिंचेचं कच्चं सार खाल्लं आणि वर ताडगोळे. कुणी तक्रार करायची सोय नव्हती, कारण त्या दिवशी घर गौरीचं होतं. मानसी भाजीवाल्याशी कमरेवर हात ठेवून भांडायची. "भय्या, कल बीस को दिए, आज तीस काइकू?" तो हसायचा आणि वर मूठभर कोथिंबीर टाकायचा. दुपारी पडदे ओढून भिंतीवर हातांच्या सावल्यांचं नाटक व्हायचं. तिकीट म्हणून तिखटमीठ लावलेली कैरीची फोड द्यावी लागायची आणि रितेश घरी असला की त्याच्याकडून मुलं दोन फोडी घ्यायची. कापून खायचे बेनिशान आंबे परवडत नव्हते म्हणून संध्याकाळी, भाव उतरला की, छोटे रसाळू आंबे टोपलीनं आणायचे आणि गच्चीवर बसून कोपरापर्यंत हात बरबटवून चोखायचे. मी स्वतःवर खूश होते. खोटं कशाला सांगू, वॉटर पार्कलाही मुलं एवढी हसली नव्हती.

या सगळ्यात तेजस सर्वांत हुशार निघाला. तो आधी काहीही न घेता अख्खा बाजार फिरायचा, भाव विचारायचा आणि दुसऱ्या फेरीत घ्यायचा. एकदा त्यानं पंच्याऐंशी रुपयांत पाच माणसं जेवू घातली. पण उरलेले पैसे मात्र तो तसेच माझ्या हातात द्यायचा.

"तुझे आहेत रे. बर्फाचा गोळा खा, सोडा पी."

"राहू दे मामी. मला नको."

आंबा दिला तर अर्धा गौरीला. दुसरी भाकरी वाढायला गेलं की ताटावर हात. आधी मला कौतुक वाटलं, मग माझं डोकं तापायला लागलं. मला दिसायचं ते इतकंच की पुण्याच्या पोराला बरकतपुऱ्याचा गोळा चालत नाही. वाटायचं, याला आमची तंगी कळलीय आणि हा घरी जाऊन आईला सांगणार की मामीनं यंदा चिंचेच्या सारावर भागवलं.

"तुझा भाचा जरा आखडूच आहे," मी रितेशला म्हणाले.

"लहान आहे गं. सोड ना."

मी सोडणाऱ्यातली नाही. भाच्यांना मामाच्या घरून नवे कपडे घातल्याशिवाय पाठवत नाहीत आणि त्यासाठी मी महिनाभर रोजच्या दोनशेखेरीज आणखी काय काय वाचवलं होतं ते माझं मला माहीत. ताई मुलांना न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी तेजसला घेऊन हिमायतनगरच्या दुकानात गेले. चांगल्यातला निळा शर्ट काढायला लावला. त्यानं हात मागे बांधले.

"नको मामी."

"घालून तर बघ."

"खरंच नको."

मग मात्र माझा तोल गेला. दुकानदारासमोरच मी म्हणाले, "आमच्या हैदराबादचं काहीच पसंत नाही का रे तुला? महिना झाला बघायली मी. गोळा नको, आंबा नको, शर्ट नको. मामी कमी पडली का कुठं?"

तेजसचा चेहरा एकदम उतरला. तो शर्टाच्या घडीकडे बघत म्हणाला, "तसं नाही. आईने सांगितलंय, मामा-मामीकडे काही मागायचं नाही आणि काही घ्यायचंही नाही. आधीच महिनाभर राहतोय म्हणून."

"का पण?"

"बाबांची नोकरी गेली. जानेवारीतच. मामाला सांगू नका ना. आईला पण नका सांगू मी बोललो ते."

चार आठवडे ज्या पोराला मी आखडू म्हणत होते ते पोर माझ्या घरात हात राखून जेवत होतं आणि मला, जिला प्रत्येक कांद्याचा हिशेब कळतो, ते कळलं नव्हतं. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. मी शर्ट घेतला. ताईंना न सांगण्याचं वचन तेवढं दिलं नाही, कारण ते मी मोडणारच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताताई आल्या. मुलं गच्चीवर होती. त्या स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन बसल्या, पुण्याचं सगळं छान चाललंय म्हणाल्या. मी भाकरी थापता थापता सरळ बोलले.

"ताई, रितेशचा पगार मार्चपासून जवळजवळ निम्म्यावर आलाय."

त्यांचा कप हातातच राहिला. "आणि तू मुलांना महिनाभर ठेवून घेतलंस? मला बोलायचं नाही का?"

"तुम्ही बोललात?"

त्यांनी एकदा गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. इतकी वर्षं पुण्याला राहून घासलेली त्यांची भाषा एकदम इथली झाली. "काय करू गं? घरात दोघं दिवसभर गप बसून राहायलो. लेकरं आमच्या तोंडाकडे बघायली. म्हटलं, मामाकडे महिनाभर तरी पोटभर हसतील. तुझ्यावर ओझं टाकून मोकळी झाले मी."

"ओझं कसलं? तुमच्या लेकानं माझा बाजार केला महिनाभर," मी म्हणाले, पण माझ्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पिठाच्या हातांनी पुसता येत नव्हतं. "ताई, परतीची तिकिटं रद्द करा. शाळा उघडेपर्यंत इथं राहा. आणि तुमच्या मंदाररावांनाही बोलावून घ्या. एकट्यानं तिथं बसून काय करायलेत? मुलाखती फोनवरच होतात आणि कंपन्या इथं काही कमी नाहीत."

"अगं, जावई माणूस. ते सासुरवाडीला येऊन राहायचे नाहीत."

"विचारा तर."

"सात माणसं होतील, प्रणिता. तुला झेपल का?"

"पाचांचं दोनशेत होतंय. सातांचं तीनशेत झालं नाही तर नाव बदला माझं. लावा फोन."

त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. हळू आवाजात सगळं सांगितलं, रितेशच्या पगाराचंही. मग मंदाररावांनी काहीतरी विचारलं, आणि ताई फोन कानाला तसाच धरून माझ्याकडे बघायला लागल्या.

"किती दिवस, म्हणून विचारायलेत," त्या म्हणाल्या.

मी भाकरी उलटली आणि पुण्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "नोकरी लागेपर्यंत."