खडूचा त्रिशूळ

एकोणीसशे त्र्याहत्तर साली माझा कोपरा तुटला. त्याआधीच्या हजारो वर्षांत माझा टवकासुद्धा उडाला नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. माझ्यावरून पूर गेले, गुरांचे कळप गेले, कुणी तर नेमकी माझ्या डोक्यावर चूल मांडून वर्षानुवर्षे स्वयंपाक केला. त्यातल्या कशाने मी मोडले नाही. मला मोडायला एक विद्वान लागला.

मित्रांनो, मी एक जुनी मुद्रा आहे. तुमच्या शाळेच्या कचेरीत रबरी शिक्का असतो ना, त्याची मी फार जुनी आणि त्याच्यापेक्षा बरीच देखणी आत्या समजा. आकाराने मी तुमच्या खोडरबराएवढी. शंखजिरे नावाचा एक मऊ दगड असतो, त्यातून मी घडले. माझ्या चेहऱ्यावर एका शिंगाचे एक जनावर आहे. त्याच्या तोंडापुढे घडवंचीसारखे काहीतरी आहे आणि वरच्या बाजूला एका ओळीत पाच चिन्हे आहेत.

त्या चिन्हांचा अर्थ मला विचारू नका. स्वतःच्या कपाळावर काय लिहिले आहे ते कुणाला दिसते? मला कोरणाऱ्यालाही ते वाचता येत होते की नाही, शंकाच आहे. मालकाने खापरीवर काढून दिलेल्या आकृत्या त्याने मान खाली घालून माझ्यावर उतरवल्या आणि मला भट्टीत घातले. भाजताना माझ्या पाचव्या चिन्हातून एक केसाएवढी भेग गेली. त्याने ती पाहिली, खांदे उडवले आणि मला देऊन टाकले. कामचुकारपणा तुमच्याच काळात सुरू झाला, असे समजू नका.

माझा मालक व्यापारी होता. मालाच्या गाठोड्यांच्या गाठींवर तो ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावर मला दाबायचा. वर्षानुवर्षे मी हेच केले. एक दिवस त्याच्या गळ्यातली, मला ओवलेली दोरी तुटून मी गटारात पडले. मालकाने थोडे शोधले, बऱ्याच शिव्या दिल्या आणि दुसरी मुद्रा करून घेतली. माझ्या सेवेची कदर एवढीच.

पुढे ती वस्ती गेली, लिहिणारे गेले, वाचणारेही गेले. मी मातीत पडून राहिले. खरे सांगू? तो काळ सुखाचा होता. मातीला मते नसतात.

मग कुणीतरी पाण्याचा नळ टाकायला चर खणला आणि मी वर आले. एका लहानशा संग्रहालयात मला काचेच्या कपाटात ठेवले. त्या संग्रहालयाचा सगळा कारभार एक बाई पाहायच्या. उंच, सडपातळ, चष्मा नेहमी कपाळावर सरकवलेला. नवरा लवकर गेलेला. संग्रहालयाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या आपल्या सासूबाईंबरोबर राहत. ती नोकरी आणि त्या खोल्या त्यांना त्यांच्या दिराने मिळवून दिल्या होत्या. दीर वकील होता आणि संग्रहालयाच्या विश्वस्तांचा अध्यक्षही. म्हणून बाईंनी त्याला कधी ‘नाही’ म्हटले नव्हते. त्याने म्हणावे आणि त्यांनी मान डोलवावी, असे वर्षानुवर्षे चाललेले.

बाईंचा हात हलका होता. माझ्यावरची धूळ त्या मऊ कुंचल्याने झाडत. इतर लोक हात लावत ते भाजी निवडल्यासारखा.

वकील निवृत्त झाला आणि माझे ग्रह फिरले. आयुष्यभर कोर्टात नसलेले आहे म्हणून दाखवायची त्याला सवय. आता कोर्ट सुटले, सवय सुटेना. जी लिपी जगात कुणाला वाचता आली नव्हती ती आपण वाचायचीच, असे त्याने डोक्यात घेतले. रोज दुपारी तो बाईंच्या टेबलाशी येऊन बसे, मला कपाटातून काढायला लावी आणि अकलेचे तारे तोडी. मागच्या खोलीचे दार उघडेच असे. तिथे खाटेवर बसून सासूबाई सगळे ऐकत.

“वहिनी, हा मासा बघा. मत्स्यावतार! पहिलं चिन्ह सुटलं.”

“भावजी, मासा म्हणजे नुसता मासाही असू शकतो.”

“तुम्ही फार साध्या आहात हो. आणि हा घडा, हा समुद्रमंथनातला अमृताचा कुंभ. या तीन रेघा म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. हे चाक म्हणजे सुदर्शन चक्र.”

“आणि हे जनावर?”

“नंदी.”

“एका शिंगाचा?”

“दुसरं शिंग पहिल्याच्या मागे आहे.”

“परवा तुम्ही याला वराह म्हणाला होतात.”

“परवा माझा अभ्यास कमी होता.”

आतून सासूबाई म्हणाल्या, “अरे, दोन दिवसांत डुकराचा बैल केलास, आठवडा दिला तर गरुड करशील.”

मित्रांनो, एक गोष्ट स्पष्ट सांगते. माझ्यावर देव असतीलही. माझ्या मालकाचे देव आणि तुमचे देव यांचे काही नाते असेलही. नसेलही. मला देवांचे वावडे नाही. ज्याला माहीत नाही तो शपथेवर सांगतो, त्याचे आहे. मासा दिसला की मत्स्यावतार, घडा दिसला की अमृत! असा बादरायण संबंध लावायचा तर वाण्याच्या दुकानाच्या पाटीवरही सगळी पुराणे सापडतील.

पाचव्या चिन्हापाशी मात्र वकिलाचे घोडे अडले. दोन उभ्या रेघा आणि खाली त्यांना जोडणारी एक आडवी रेघ, एवढेच ते चिन्ह. त्यात कुठलाच देव बसेना. इकडे त्याचे पुस्तक छापखान्यात जायचे होते. संग्रहालयाचे नवे दालन उघडायला कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्याच दिवशी पुस्तक निघायचे होते.

पुस्तकासाठी माझा फोटो हवा म्हणून फोटोग्राफर आला. तो म्हणाला, “साहेब, रेघा उठून दिसत नाहीत. खडूची पूड भरा.”

“खडू नको,” बाई म्हणाल्या. “दगड मऊ आहे.”

“वहिनी, खडूनं कुणी मेलंय का?” असे म्हणत वकिलाने स्वतः बोटाने माझ्या चेहऱ्यावर खडू चोळला. कोरलेल्या रेघांत तो भरला. भट्टीतल्या त्या भेगेतही भरला. भेग पाचव्या चिन्हाच्या बरोबर मधून जात होती आणि आडव्या रेघेच्या खालीही उतरत होती. दोन टोकांची तीन टोके झाली आणि खाली दांडाही आला.

वकील खुर्चीवरून उठलाच. “वहिनी! शंकर आले!”

आतून सासूबाई म्हणाल्या, “कोण शंकर? चहा टाकू का?”

“आई, त्रिशूळ! मुद्रेवर त्रिशूळ आहे!”

त्याचे डोळे भरून आले होते. तो खोटे बोलत नव्हता, हे मला मान्य आहे. मूर्ख माणूस खोटारड्यापेक्षा बरा असतो असे म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

“भावजी,” बाई हलकेच म्हणाल्या, “ती भेग आहे.”

“भेग इतकी सरळ असते?”

“दगडात असते.”

त्याचा चेहरा उतरला. “दादा असता तर त्याने मला मिठी मारली असती. तुम्ही कपाटातली चिठ्ठी बदला. ‘लिपी अजून वाचता आलेली नाही’ हे काढा. ‘शिवमुद्रा’ लिहा. आणि पाहुण्यांसमोर तुम्हीच सांगा. संग्रहालयाच्या प्रमुख आहात तुम्ही, तुमच्या शब्दाला वजन आहे.” थोडे थांबून तो म्हणाला, “इतकी वर्षं मी तुमच्यासाठी काय कमी केलं, वहिनी?”

बाईंनी मला उचलून कपाटात ठेवले. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या होत्या आणि खाटेवरची सासू होती.

फोटो धुऊन आला, पण वकिलाचे समाधान झाले नाही. मधल्या टोकाचा वरचा भाग अंधूक होता, भेग तिथे फारच बारीक असल्याने खडू धरत नव्हता. दुसऱ्या दिवशी बाई सासूबाईंना औषध द्यायला आत गेल्या, तेव्हा त्याने खिशातून गोधडी शिवायची जाड सुई काढली आणि तो भेग कोरू लागला. “माती अडकलीय नुसती,” असे स्वतःशीच पुटपुटत होता. कोर्टात समोरच्या साक्षीदारालाही त्याने असेच कोरले असणार.

टक्‌ असा आवाज झाला. माझा कोपरा टेबलावर पडला.

त्याने काय केले असेल? हळहळला? छे! आधी दाराकडे पाहिले. मग डिंकाची बाटली शोधली. मला चिकटवून वरून आणखी खडू थापला. बाई आल्या तेव्हा डिंक माझ्या कडेने ओघळत होता.

“हे बघा वहिनी,” तो म्हणाला, “वस्तू तुमच्या ताब्यातली. कधी कुणाला कळलंच तर तुमच्या हातून निसटली म्हणायचं. बाईमाणसाच्या हातून काही पडलं तर कुणी फासावर देत नाही. माझं नाव आलं तर पुस्तक बुडालं.”

“आणि माझी नोकरी?”

“मी आहे ना!”

‘मी आहे ना’ म्हणणारी माणसे, मित्रांनो, नेमकी कुठे असतात ते मला अजून कळलेले नाही.

संध्याकाळी बाईंनी मला स्वयंपाकघरात नेले आणि कोमट पाण्याच्या वाटीत ठेवले. डिंक सुटला, खडू विरला. सासूबाई शेजारी पाटावर बसून पाहत होत्या.

“आई, मी खरं सांगितलं तर या खोल्या जातील,” बाई म्हणाल्या.

“जाऊ देत.”

“ते तुमचा मुलगा आहेत.”

“म्हणून तर सांगते. मी रोज सकाळी शंकराला हात जोडते. इतक्या वर्षांत त्यानं मला कुठल्या दगडाची साक्ष काढायला लावली नाही. यालाच कशाला हवी?”

“तुम्ही कुठे राहाल? त्यांच्याकडे?”

“त्याची भाषणं ऐकत? त्यापेक्षा तू नेशील तिथे येते.”

बाई हसल्या. मग चष्मा काढून डोळे पुसत बसल्या. त्या दोन खोल्यांत त्यांचा सगळा संसार होता, हसून तो हलका होत नाही.

दालन उघडण्याचा दिवस आला. बाईंनी चिठ्ठी बदलली नव्हती आणि मला कपाटात दोन तुकड्यांत ठेवले होते, मधे दाण्याएवढी फट सोडून. वकिलाने ते पाहिले नव्हते, तो भाषण पाठ करण्यात गुंग होता. भाषणात मासा आला, अमृत आले, चक्र आले आणि शेवटी आवाज चढवून त्रिशूळ आला. टाळ्या झाल्या. पाहुणे पुस्तक हातात घेऊन कपाटाशी आले, वाकले आणि फोटोकडे व माझ्याकडे आळीपाळीने पाहू लागले.

“यात त्रिशूळ कुठाय?”

या तुकड्यावर एक उभी रेघ, त्या तुकड्यावर एक उभी रेघ. मधले टोक जिथे असायला हवे, तिथे नुसती हवा होती.

“मोडली कशी ही?” पाहुण्यांनी विचारले.

वकिलाने बाईंकडे पाहिले. “त्याचं काय आहे, आमच्या वहिनींच्या हातून...”

“नाही,” बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता, पण दिराला म्हटलेला तो पहिला नकार होता. 

“माझ्या हातून नाही मोडली. भावजींनी सुईनं भेग कोरली, तेव्हा मोडली. आणि त्रिशूळ नव्हताच. त्या भेगेत खडू भरला होता. इथे काय लिहिलंय ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.”

मित्रांनो, तुमच्या गोष्टींत सत्य बाहेर पडले की सगळे थरारतात. इथे पाहुणे म्हणाले, “असं का? बरं, बरं. चहा कुठे आहे?” आणि सगळे चहाकडे गेले.

महिन्याभरात विश्वस्तांनी हलगर्जीपणाचा ठपका ठेवून बाईंना काढले. खोल्या रिकाम्या झाल्या.

वकिलाचे पुस्तक खपले. खडू भरलेला माझा फोटो त्याच्या मुखपृष्ठावर आहे. त्याने पुढे आणखी पुस्तके लिहिली, हार घालून घेतले आणि अंथरुणावर सुखाने मेला. मला पाहायला तो पुन्हा कधी आला नाही. फोटोग्राफरने स्टुडिओ काढला. आता त्याचा मुलगा लग्नाचे फोटो काढतो आणि काळ्यांना गोरे करून देतो. पाहुण्यांचे नाव दालनाच्या दगडावर आहे, पण ते कोण होते हे पहारेकऱ्यालाही सांगता येत नाही. सासूबाई सुनेबरोबर एका भाड्याच्या खोलीत राहिल्या आणि तिथेच गेल्या. वकील महिन्यातून एकदा भेटायला जाई. त्या त्याला पोटभर वाढत, पण देवांचा विषय काढू देत नसत. बाईंना एका शाळेच्या ग्रंथालयात काम मिळाले. पुस्तकांना वाळवी लागू न देण्यात त्यांचे पुढचे आयुष्य गेले.

मी अजून कपाटात आहे, दोन तुकड्यांत. लोक ते पुस्तक घेऊन येतात, काचेला नाक लावतात आणि त्रिशूळ सापडला नाही की म्हणतात, खरी मुद्रा लपवून ठेवलीय. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी याल. काचेवर बोटे उमटवू नका. मी तुम्हाला कळले नाही तर ‘कळलं नाही’ म्हणा आणि पुढच्या कपाटाकडे जा. त्याने माझा अपमान होत नाही. खडूने होतो.

काही वर्षांपूर्वी बाई आल्या होत्या. पाठ वाकलेली, हातात काठी. तिकीट काढून आल्या आणि माझ्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. शेजारी एक गृहस्थ पुस्तक उघडून चाचपडत होते. त्यांनी विचारले, “आजी, तुम्हाला दिसतोय का हो त्रिशूळ?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“नीट बघा ना.”

“नीटच बघतेय.”