शब्द

“हे घ्या, मामाशी बोला,” म्हणून भाच्याने फोन पुढे केला, पण चौकातल्या हवालदाराने तो हातातही घेतला नाही. “मामा असू दे नाहीतर काका. गाडी भरधाव, वर कानाला फोन, आणि ही तिसरी वेळ. लायसन जमा.” एवढे मामाला पलीकडे स्वच्छ ऐकू आले.

मामा वाहतूक शाखेत होता, हे खरे. पण शाखेत कुठे, तर जिन्याखालच्या खोलीत, टपालावर शिक्के मारायला. एवढ्या खोलात शिरायचे नातेवाइकांना काही कारण नव्हते. ‘आपला माणूस आत आहे’ या एका वाक्यावर अख्खे गोत सिग्नल तोडत होते. कुणी सापडले की मामाला फोन यायचा. मामा जेवणाच्या सुट्टीत दंडाच्या खिडकीवर रांगेत उभा राहायचा, स्वतःच्या पगारातून दंड भरायचा आणि संध्याकाळी कळवायचा, “झालं तुमचं काम.” लोक खूश. लग्नकार्यात मामाला पुढची खुर्ची ठेवलेली.

“खुर्ची चांगली आहे,” बायको म्हणायची, “पण भाडं फार पडतं.”

साहेबांकडे शब्द टाकणे त्याला कधी जमलेच नाही. दारापर्यंत जायचा. आत आधीच कुणीतरी गयावया करत असायचे. ते ऐकून परत फिरायचा.

या वेळी मात्र दंड भरून भागणारे नव्हते. लायसन तीन महिने जमा, म्हणजे भाच्याची कुरिअरच्या गाडीवरची नोकरी गेलीच. संध्याकाळी धाकटी बहीण मुलाला घेऊन दारात हजर.

“दादा, हे गेल्यापासून याच्या पगारावर घर चाललंय माझं.”

“बघतो म्हटलं ना.”

“बघतो काय? तुझं तर चुटकीसरशी होतं सगळं.”

भाचा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, “मामा, तो हवालदार तुला ओळखतच नव्हता.”

“नवा असेल,” मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांचे दार ओलांडून आत गेला.

“टपाल, तू? काय, एखादं पाकीट हरवलं की काय?”

मामाने फरशीकडे बघत सगळे सांगितले. साहेब खुर्चीत मागे रेलले. “लोक रोज उठून मागतात. तू इतक्या वर्षांत काही मागितलं नाहीस. तुला नाही कसं म्हणू?” त्यांनी घंटी दाबली. चहा यायच्या आत लायसन मामाच्या हातात होते. इतके सोपे होते तर हे. आजवर भरलेले दंड आठवून मामाला स्वतःचेच हसू आले.

“पोराला समज दे,” साहेब म्हणाले.

मामाने समज दिली. “जपून चालव रे.”

“तू असल्यावर मला कसली काळजी,” भाचा म्हणाला.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, त्याची गाडी उभ्या ट्रकवर मागून आदळली. फोन पायाशी पडला होता आणि पलीकडून कुणीतरी हॅलो हॅलो करत होते, असे पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने सांगितले.

बहीण शवागाराबाहेरच्या बाकावर बसली होती. मामा येताच तिने त्याची बाही धरली.

“दादा, आत चिरफाड करणार म्हणतात. नको रे. साध्या सुईला घाबरायचा तो. सांग ना कुणाला तरी.”

“ते करावंच लागतं, बाई.”

“दुसऱ्यांना लागतं. तुझं ऐकतात सगळे.”

“माझं कुणी ऐकत नाही. दंड मी भरत होतो, खिडकीवर जाऊन. या लायसनच्या वेळी तेवढं ऐकलं.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला वाटले, आता बाही सोडेल. तिने सोडली नाही.

“तरी विचारून तर बघ,” ती हळूच म्हणाली.

तो दारापाशी गेला. हातमोजे घातलेल्या माणसाने मामाच्या खिशाला लावलेले ओळखपत्र वाचले आणि आवाज बदलला. “वाहतूक शाखेचे का? या ना साहेब, आत या.”

मामाने ओळखपत्र काढून खिशात टाकले.

“नाही. मी त्याचा मामा.”

“मग बाहेर थांबा. झालं की हाक मारतो.”

मामा परत आला. बहिणीने बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्याला जागा करून दिली.