खुर्चीवरचा स्वेटर

आई गेल्यापासून तिच्या मैत्रिणीला, वान मावशींना, मी कितीदा तरी फोन केला. दर वेळी त्या म्हणायच्या, "आणते गं, उद्या आणते." तो उद्या काही आला नाही. अंत्यविधीलाही त्या आल्या नव्हत्या. त्यांचा जन्म वाघाच्या वर्षातला, आणि वाघाच्या माणसांनी त्या दिवशी मृताच्या जवळपास जाऊ नये असं आमच्या चिनी पंचांगात लिहिलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. मला फक्त आईचा जांभळा स्वेटर हवा होता.

आई त्या दुपारी तो स्वेटर कॅसिनोतल्या फुकटच्या खेळांच्या मंचासमोर आपल्या खुर्चीवर टाकून बाथरूमला गेली आणि तिथेच कोसळली. तिथून थेट रुग्णालय. पुढचे सगळे दिवस ती एकच म्हणत राहिली, "थंडी वाजते. माझा स्वेटर कुठाय?" घरातले दुसरे दोन-तीन नेले. तिने ते पायांवर घेतले, अंगात घातले नाहीत. दुपार झाली की छताकडे बघत म्हणायची, "आता थाळ्यावाली मुलगी आली असेल." थोड्या वेळाने, "आता जादूगार." आणि सलाइन लावलेला हात दुसऱ्या हातावर हळूच आपटायची.

आता ती गेल्याचा सातवा सप्ताह भरत आला होता. शेवटच्या दिवशी गेलेल्या माणसाचे कपडे जाळून त्याच्याकडे पाठवायचे. त्यानंतर पाठवलेलं पोचतं की नाही, याबद्दल आमच्या नातेवाइकांत एकमत नाही. मी स्वतः या गोष्टी फारशा मानत नाही. पण थंडी वाजते म्हणणाऱ्या माणसाला स्वेटर द्यायचा राहून गेला असेल, तर आपण काय मानतो याला फारसा अर्थ उरत नाही.

मी स्वतः जाऊन आणावा, तर मी सरकारी ग्रंथालयात नोकरीला. मकाऊत सरकारी नोकराला कॅसिनोत पाय ठेवायची बंदी आहे. सूट फक्त चिनी नववर्षाच्या पहिल्या तीन दिवसांची. आई हसायची, "मठातल्या भिक्षुणी हिच्यापेक्षा जास्त हिंडतात." आणि नेमक्या त्याच तीन दिवसांत सुतकातल्या माणसाने लोकांत मिसळू नये. कायदा सोडत होता तेव्हा सुतक धरून ठेवत होतं.

पहिले दोन दिवस मी दार लावून झोपून काढले. इतकी झोप माझ्यात साठलेली असेल असं वाटलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुणीच कुणाकडे जात नाही. त्या दिवशी गेलं की हटकून भांडण होतं, असा समज. म्हटलं, आपल्याला तरी कुठे कुणाच्या घरी जायचंय. केसांत आईच्या सुतकाचं पांढऱ्या लोकरीचं फूल होतं. ते इतक्यात काढायचं नव्हतं, म्हणून त्यावर काळी लोकरीची टोपी घातली आणि धक्क्यावरून कॅसिनोची फुकटची बस पकडली. बसमध्ये सगळे लाल कपड्यांत. मी खिडकीकडे तोंड करून बसले.

दारातच रखवालदाराने अडवलं. "मॅडम, टोपी काढा. कॅमेऱ्यात चेहरा दिसायला हवा."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वर्षभर बाहेर राहणाऱ्या माणसाला आतले नियम कुठून माहीत असणार? मी टोपी काढली. त्याने फूल पाहिलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. मागे एक बाई मुलाचा हात धरून उभी होती. ती सरळ दुसऱ्या रांगेत गेली.

"ताई," तो हळू आवाजात म्हणाला, "सणाचे दिवस आहेत. पत्त्यांच्या टेबलांमधून नका जाऊ. भिंतीच्या कडेने जा. जमेल तेवढं लवकर या."

मी भिंतीच्या कडेने गेले. टोपी हातात, दुसरा हात केसांवर, डोकं दुखत असल्यासारखा. टेबलांभोवतीची गर्दी कुणाकडे बघत नव्हती, हे माझं नशीब.

मंच दालनाच्या मधोमध होता, भोवती खुर्च्या. पहिल्या रांगेत वान मावशी लगेच ओळखू आल्या. लाल रेशमी जाकीट, केस नुकतेच रंगवलेले. त्यांच्या शेजारी हुंग काका, आईच्या कंपूतले तिसरे. ते आयुष्यभर बोटीवर खलाशी होते आणि आता उरलेला वेळ इथे काढत होते. दोघांच्या मधली खुर्ची रिकामी. तिच्या पाठीवर आईचा जांभळा स्वेटर, बाह्या पुढे घेऊन एकमेकींत अडकवलेल्या.

"आ-निंग!" वान मावशी ओरडल्या. त्यांचा हात सवयीने पर्समध्ये गेला, लाल पाकीट अर्धं बाहेर आलं. लग्न न झालेल्याला नववर्षाचं पैशांचं पाकीट द्यायचंच, मग तो पन्नाशीचा का असेना. तेवढ्यात त्यांना माझं सुतक आठवलं. पाकीट परत आत गेलं.

"पुढच्या वर्षी दोन देईन," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली. "डोकं का धरलंयस? हात काढ बघू." मी काढला. "अगं बाई! वेड लागलंय का तुला? हे घालून इथे? मागे तो लठ्ठ माणूस सकाळपासून हरतोय, त्याने बघितलं तर आपल्या दोघींना समुद्रात फेकेल!"

"फेकू दे," हुंग काका म्हणाले. "मी पोहून काढतो. तुला नाही, तिला."

"तुम्ही तोंड मिटा." मावशींनी मला खाली ओढलं, त्याच रिकाम्या खुर्चीवर, आणि केसांतून फूल काढलं. ओरबाडून नाही. पिन सोडवून, केस न ओढता. मग ते स्वेटरच्या आतल्या बाजूला, काखेजवळ टोचून ठेवलं. "इथे कुणाला दिसत नाही. जाताना परत लाव."

"मावशी, मी स्वेटर न्यायलाच आलेय."

त्या मंचाकडे बघत राहिल्या. "माहितीये."

"परवा सातवा सप्ताह संपतो."

"तेही माहितीये. मला मोजता येतं."

"मग आणला का नाहीत इतके दिवस?"

"आज भांडणाचाच दिवस आहे म्हणून आलीस वाटतं?" त्या माझ्याकडे वळल्या. "ऐक. इथे खुर्चीवर काही ठेवलं नाही की पाचव्या मिनिटाला माणूस बसतो. आणि रोज रिकामी दिसली की हे लोक खुर्चीच उचलून नेतात, तिथे जुगाराची मशीन आणून ठेवतात. ती तिकडची मशीन बघ. तिथे आम्ही बसायचो आधी. आमच्यासारख्या फुकट्यांना ठेवून यांना काय मिळतं? म्हणून कुएनताईची खुर्ची मी धरून ठेवलीये."

"पण आई आता येणार नाहीये."

ते माझ्या तोंडून जरा जोरात निघालं. मागच्या रांगेतली दोन डोकी वळली. वान मावशी स्वेटरची बाही सरळ करू लागल्या. आधीच सरळ असलेली.

"झालं भांडण," हुंग काका म्हणाले. "आता दोघी गप्प बसा, मुलगी आली."

दिवे मंद झाले. एक किडकिडीत मुलगी काठ्यांवर थाळ्या फिरवत आली. एका हातात चार, दुसऱ्यात चार, मग कमरेतून मागे वाकून तिने दातांनी फुलं उचलली. उत्तरेकडून आलेली असावी. चेहऱ्यावरचं हसू इतकं पक्कं होतं की ते बघून मलाच थकवा आला. एक थाळी डगमगली. वान मावशींनी माझं मनगट पकडलं.

"इथे कुएनताई श्वास रोखून धरायची," त्या कुजबुजल्या. "रोज. एकदासुद्धा पडली नाही थाळी, तरी रोज."

थाळी सावरली. मावशी आणि काका जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवू लागले. त्या खुर्च्यांतले सगळेच म्हातारे तसेच वाजवत होते, हात दुखेपर्यंत.

"वाजव ना," काका मला म्हणाले. "टाळ्या कमी पडल्या तर खेळ बंद करतील. तुझ्या आईच्या टाळ्या तिकडच्या बारमध्ये ऐकू जायच्या."

मी वाजवल्या. मग चकचकीत झग्यातली गायिका आली, जुन्या ऑपेराची दोन गाणी म्हणून गेली. काकांनी तिच्याबरोबर दुसरं गाणं पूर्ण म्हटलं, अर्धा सूर खाली. मग पांढऱ्या कोटातला म्हातारा जादूगार. तो कबूतर कोटाच्या डाव्या बाहीतून काढायचा, हे पहिल्या रांगेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"बाही फुगली बघ," काका म्हणाले. "कबूतर जाडं झालंय. सणाचं खाल्लंय त्याने."

"गप्प. त्याला ऐकू जातं."

कबूतर निघालं. टाळ्या. मला हसू आलं आणि लगेच अंगात थंडी भरली. वरून गार हवेचा झोत थेट याच खुर्चीवर पडत होता. दात वाजायला लागले. आई बाकीच्या जागा सोडून हीच का धरायची, असं मी विचारलं.

"इथून बाही दिसते ना," वान मावशी म्हणाल्या, जणू याहून साधं उत्तर नसावं. मग त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर काढला आणि माझ्या खांद्यांवर टाकला. गेलेल्याचा कपडा अंगावर घेऊ नये म्हणतात. मी तो काढला नाही. त्याला मावशींच्या औषधी तेलाचा वास येत होता, सिगारेटचा येत होता. आईचा वास आता त्यात नव्हता. म्हणजे रोज दुपारी तो मावशींच्या मांडीवर असायचा. फक्त खुर्ची धरायला असता, तर तेलाचा वास इतका मुरला नसता.

खेळ संपला. पुढचा तासाभराने. लोक पाय मोकळे करायला उठले, काही जण मशीनसमोर खेळत असल्यासारखे बसले. तिथे बसलं की फुकट चहा मिळतो. आम्ही तिघे उठलो नाही.

मी स्वेटर खांद्यांवरून काढला आणि घडी घातली. तो आता माझ्या हातांत होता, पण एक बाही वान मावशींच्या मुठीत होती.

"तिला तिथे थंडी वाजेल ना," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर."

"रुग्णालयात मागत होती?"

"रोज."

त्यांनी बाही सोडली. पर्समधून कागदी रुमालांचं पाकीट काढलं, एक ओढला, पाकीट खुर्चीवर ठेवलं. लगेच मागून एक माणूस पुढे आला आणि पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाला, "काकू, हे काय, याला जागा म्हणतात का?"

मावशींनी बोलावं म्हणून मी थांबले. त्या नुसत्याच बसून राहिल्या, नाकाला रुमाल लावून. एवढा वेळ बोलणारी बाई अचानक फार म्हातारी दिसायला लागली.

मी माझी काळी टोपी त्या खुर्चीवर ठेवली.

"इथे माणूस आहे," मी त्याला म्हटलं.

"कुठेय?"

"येईल. सरकारी नोकर आहे, सुटी मिळाली की येतो."

हुंग काका खोकल्याच्या नावाखाली हसले. माणूस निघून गेला. वान मावशींनी टोपी उचलून उलटसुलट पाहिली. "काळी टोपी, सणासुदीला," त्या पुटपुटल्या. "शोभा नाही काही." पण त्यांनी ती खुर्चीच्या पाठीवर नीट चढवली आणि कडा खाली ओढल्या, एखाद्या पोराच्या कानांवर ओढाव्यात तशा.

मी स्वेटर छातीशी धरून पुन्हा भिंतीच्या कडेने बाहेर पडले. रखवालदार तोच होता. त्याने माझ्या केसांकडे पाहिलं, फूल नव्हतं. बसमध्ये मी फूल सोडवून परत केसांत लावलं. आता टोपी नव्हती, त्यामुळे ते सगळ्यांना दिसत होतं. शेजारची जागा घरापर्यंत रिकामी राहिली.

दोन दिवसांनी मंदिराच्या भट्टीशी मावशींचं तेल, सिगारेट आणि लोकर यांचा मिळून एकच वास आला. भट्टीवाल्याने काठीने ढकलत विचारलं, "भारी लोकर दिसतेय. कुणाची?" मी सांगितलं. फूलही त्याच्याबरोबर टाकलं. काचेची बटणं जळली नाहीत, ती राखेत तशीच राहिली. मी ती घेतली नाहीत.

संध्याकाळी वान मावशींचा फोन आला.

"पोचला का गं?"

"पोचला असेल."

"बरं." मागे टाळ्या चालू होत्या, मावशी मध्येच फोन काखेत धरून वाजवत असणार, आवाज खरखरला. "तुझी टोपी अजून इथेच आहे. येऊन घेऊन जा."

"मावशी, मला आता पुढच्या नववर्षापर्यंत येता येत नाही."

"माहितीये," त्या म्हणाल्या. "थांब, जादूगार आला."