मानपानातला प्रोग्रॅम

पवनेकाठच्या हौशीरामच्या ओसरीवर त्या रविवारी लग्नाची बोलणी चालली होती. हुंडाबंदीचा कायदा होऊन बरीच वर्षे लोटली होती, म्हणून मुलाचे वडील, देहूरोडचे कोंडाजी, यांनी हुंडा हा शब्द तोंडातून काढलाच नाही. ते मानपान म्हणाले. अंगठी झाली, स्कूटर झाली, आणि सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "अन् शालनचा त्यो प्रोग्रॅम."

शालन हौशीरामची मुलगी. ती आणि कोंडाजींचा महिपती पुण्यात एकाच वर्गात कॉम्प्युटर शिकले होते. धरणातून पाणी कधी, किती सोडायचे याचा हिशेब करणारा प्रोग्रॅम तिने लिहिला होता; तो ज्यांवर उतरवला होता त्या भोके पाडलेल्या कार्डांची चवड तिने फडक्यात बांधून जपली होती. मुंबईच्या एका कंपनीने दोघांनाही मुलाखतीला बोलावले होते, आणि येताना स्वतःच्या कामाचा नमुना आणायला सांगितले होते. महिपतीकडे नमुना म्हणजे शर्टाची कडक इस्त्री, आणि तीही आईने केलेली.

"पोरगी आमच्या घरात येनार, म्हंजी कार्डंबी आमचीच की," कोंडाजी म्हणाले. "महिपती दावील, नोकरी लागंल. बाईमानसाला कशाला मुलाखत?"

हौशीरामने मान खाली घातली. "दे पोरी. तुला काय, परत लिवशील."

शालनने चवड आणून ठेवली. कोंडाजींनी ती तळहातावर तोलून पाहिली. काय ही माणसे! मुलीच्या अंगावरचे पुरले नाही, आता डोक्यातलेही उतरवून हवे होते.

शालन महिपतीकडे वळली. "कार्डं दाखवायला आणली, देणार नाही. मुलाखतीलाही जाणार. तशी मी चालेन का तुम्हाला?"

महिपतीने चवडीकडे पाहिले. "आबा, मुलाखत उद्या हाय. आधी कार्डांचं बघा. लगीन काय, कुनाशीबी व्हईल."

सबंध बैठकीत नवरामुलगा एवढेच बोलला.

हौशीराम ताडकन उठला. कोंडाजींच्या हातातली चवड काढून त्याने लेकीच्या हातात दिली. "धरणानं जमीन न्हेली तवा गप ऱ्हायलो. आता न्हाई ऱ्हानार. उठा, पाव्हणं."

सोमवारी पहाटे बापलेक चवड घेऊन कामशेतहून मुंबईच्या गाडीला बसले.

महिपतीचे लग्न वैशाखात दुसऱ्या एका मुलीशी थाटात झाले. स्कूटर मिळाली, नोकरीही सासऱ्याने लावून दिली. कोंडाजी मांडवाच्या दारात हात जोडून उभे होते, आणि आपण सगळ्यांनी त्यांना हसून नमस्कार केला. जिलेबी चांगली झाली होती, नाही का?