कूलरची पिन

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर वर सरकली आणि एका ओळीशी येऊन थांबली. कर्नल पॅनिक. मी बटण दाबून संगणक बंद केला, पुन्हा सुरू केला. पुन्हा तीच ओळ. तिसऱ्यांदा सुरू करण्याआधी मागे वळून लेकीकडे, मिहूकडे बघितलं. ती चटईवर पालथी पडून स्वतःची मूठ चोखत होती. ठीक होती. त्या क्षणी तरी ठीक होती.

दुपारी अमरावतीच्या एका दवाखान्यात आमचा नंबर होता. लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर नागपूरहून महिन्यातून एकदाच तिथे येतात. नंबर लावताना फोनवरची बाई म्हणाली होती, “बाळाला जे होतं त्याचा व्हिडिओ असेल तर नक्की आणा. सर आधी तेच बघतात.” तो व्हिडिओ या न उठणाऱ्या संगणकात होता. दुसरीकडे कुठेच नव्हता. आणि अकोल्याहून अमरावती म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता.

मिहू झोपेतून उठते तेव्हा कधी कधी तिची मान एकदम पुढे पडते आणि दोन्ही हात फेकल्यासारखे उघडतात. क्षणभरच. मग ती कुठेतरी बघत राहते. मग पुन्हा तसंच, मग पुन्हा. घरात सगळे म्हणायचे, दचकते. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. जवळच्या डॉक्टरांकडे नेलं तर ही त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी धरून खुदुखुदू हसली. “पहिलंच बाळ ना?” ते म्हणाले, आणि मला झोप नीट लागते का ते विचारलं. सहा महिन्यांचं लेकरू, गुटगुटीत, कोणाकडेही झेपावणारं. कोणाला काय दाखवणार?

मी मोबाइल उशाशी घेऊन बसायचे. हात पोहोचेपर्यंत ते होऊन गेलेलं असायचं, आणि ज्या दिवशी तयारीत असायचे त्या दिवशी बाईसाहेब नुसती जांभई देऊन उठायच्या. शेवटी संगणकाचा कॅमेरा पाळण्याच्या दिशेने बसवला आणि ती झोपली की रेकॉर्डिंग लावून ठेवू लागले. काल दुपारी ते सापडलं. सगळं, पहिल्या झटक्यापासून शेवटच्यापर्यंत. मी एकदाच पाहिलं. दुसऱ्यांदा पाहायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी ते मोबाइलमध्ये घ्यायला गेले, तर वायर लावूनही संगणकाला मोबाइल दिसेना. हा संगणक माझ्या कॉलेजच्या दिवसांतला. विंडोज त्याला झेपेनासं झालं तेव्हा अनुपने, माझ्या धाकट्या भावाने, त्यात लिनक्स टाकून दिलं होतं. काही अडलं की त्याचं ठरलेलं उत्तर असतं, ताई, आधी अपडेट कर, मग रड. म्हणून अपडेट सुरू केलं. पट्टी हळूहळू सरकू लागली. तेवढ्यात मिहू किरकिरली. तिला पाजता पाजता माझाच डोळा लागला.

सकाळी या खोलीत आले तेव्हा बोर्डात कूलरची पिन होती आणि संगणकाची वायर खाली फरशीवर पडलेली.

आमचा मोगऱ्याचा मळा पातूरला आहे. लग्नाची ऑर्डर असली की गजरे आदल्या संध्याकाळी गुंफून ओल्या फडक्याखाली कूलरसमोर ठेवतात, नाहीतर कळ्या वेळेआधीच फुलून तांबूस पडतात. कूलरच्या वाऱ्यावर पहिला हक्क फुलांचा, नंतर माणसांचा. या घरात आल्यावर मी सगळ्यात आधी शिकले ती ही गोष्ट.

“आई, काल इथली पिन तुम्ही काढली का?”

सासूबाई दाराशी बसून उरलेल्या कळ्या निवडत होत्या. “काढली न. कूलरचा बोर्ड जळला परवा. मंग गजरे काय माया डोक्यावर ठेवू? तुयं ते टीव्हीवाणी नुसतंच चालू होतं. पाहाले कोणी नोतं.”

“ते काम करत होतं, आई.”

“एकटंच?”

एरवी मी हसले असते.

योगेश, मिहूचे बाबा, लग्नघरी गजरे पोचवून आले. माझं तोंड बघूनच त्यांनी गाडीची किल्ली खिशात ठेवली. मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच टेबलाखाली वाकून वायरी उपटायला लागले. “मनोजच्या दुकानात नेतो. तो करून देते.”

“थांबा. आधी त्याला विचारा काय करणार ते.”

त्यांनी फोन स्पीकरवर लावला. मनोज म्हणजे त्यांचा शाळेतला दोस्त, बाजारात संगणक दुरुस्तीचं दुकान.

“वहिनी, लिनक्स? ते काहून टाकलं तुमी? आणा इकडे, फॉर्मेट मारून मस्त विंडोज टाकून देतो. अर्ध्या तासात नवं.”

“आतल्या फाइली?”

“सी ड्राइव्हच्या जाईन. डी च्या राहते.”

“यात सी-डी असं काही नाही.”

“मंग हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनले लावतो. तिनं फॉर्मेट विचारलं त हो म्हणतो, अन्—”

मी योगेशच्या हातातून फोन घेतला, “नको, मनोजभाऊ,” म्हटलं आणि बंद केला.

“अवं, त्याचा धंदाच हाय तो,” योगेश म्हणाले.

“त्याच्या मशीनने ‘पुसू का’ विचारलं की तो हो म्हणणार. मग काय राहील?”

त्यांनी उपटलेल्या वायरी परत होत्या तिथे खोचल्या. मग हळूच म्हणाले, “साधना, नसन भेटत त राहू दे न. तू डॉक्टरले तोंडी सांग. मले त कधी दिसलं नाई तसं काही, पण तू सांग.”

त्यांचं चुकत नव्हतं. मिहू उठते तेव्हा ते मळ्यात असतात. पण ‘मले त दिसलं नाई’ हे वाक्य मी दोन महिने इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं होतं, की आता नागपूरहून येणारा माणूसही ते शुद्ध मराठीत म्हणेल असं वाटायला लागलं होतं. मिहू डॉक्टरांकडे बघून हसेल. आणि पुढचा नंबर एका महिन्याने.

अनुपने फोन उचलला तो कुजबुजतच. पुण्यात त्याच्या ऑफिसात कसलीशी बैठक चालू होती.

“ताई, रडू नको. पॅनिक म्हणजे डेटा गेला असं नाही.”

“मग काय?”

“कर्नल म्हणजे सगळ्याचा गाभा, मशीन चालू झालं की तो आधी जागा होतो. अपडेटने नवा कर्नल आणून ठेवला, बूट लोडरच्या यादीत, म्हणजे चालू करताना कोणाला उठवायचं त्या यादीत, त्याचं नाव चढवलं. पण त्याला डिस्क उघडून देणारी एक फाइल बनते शेवटी, ती बनायच्या आधी पिन निघाली. म्हणून हा उठतो अन् त्याला घरच सापडत नाही. समजलं?”

“समजलं. पुढे बोल.”

“जुना कर्नल कुठे गेला नाही. तिथंच आहे. बूट लोडर न विचारता नव्यालाच पुढे करतो, एवढंच. तू चालू करताना शिफ्ट दाबून धर. यादी येईल. त्यात अॅडव्हान्स्डमध्ये जाऊन जुना निवड. बस. ठेवू? साहेब पाहून राहिले.”

मी शिफ्ट दाबून धरलं. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि अक्षरं सरकत जाऊन त्याच ओळीवर थांबली. उशीर झाला असेल म्हणून पुढच्या वेळी बटणाच्या आधीपासून दाबून धरलं. तेच. दुसऱ्या बाजूचं शिफ्ट. तेच. मग एस्केप, मग दोन्ही हातांनी जे सुचेल ते. पॅनिक, पॅनिक, पॅनिक. योगेशनी मिहूला थोपटून पाळण्यात निजवलं होतं. माझा एक कान तिकडे होता. ती आता उठेल, आणि होईल, आणि मी इथे या खोक्यासमोर बसलेली असेन. किंवा होणार नाही, आणि तेही वाईटच.

“निंगा लागते आता,” योगेश दारातून म्हणाले. “मी गाडीतले ओले पोते काढतो. तवर पाह्य.”

मी हात कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवले. सुरू केलं आणि काहीही न दाबता नुसतं बघत बसले, मिहू उठायच्या वेळी तिच्याकडे बघते तसं. तिचं आधी काय हलतं, मान की बोटं, पापणी कधी थांबते, हे मला पाठ आहे. हे खोकं मी एकदाही असं पाहिलं नव्हतं.

पंखा फिरला. कंपनीचं चिन्ह आलं. माउसखालचा लाल दिवा लागला. कीबोर्डच्या कोपऱ्यातला हिरवा दिवा लागला नाही. चिन्ह गेलं, अक्षरं आली, तरी तो लागला नाही.

म्हणजे मी शिफ्ट दाबत होते ते मशीनला कळतच नव्हतं.

मागे वाकून पाहिलं. कॅमेऱ्याला जागा करायला कीबोर्डची वायर मीच तिच्या छिद्रातून काढून बाजूच्या निळ्या तोंडाच्या छिद्रात खुपसली होती. एरवी चालायचा तो. पण ते छिद्र लिनक्स जागं झाल्यावरच जिवंत होत असणार, आणि लिनक्स तर जागं होतच नव्हतं. मी कॅमेऱ्याची वायर उपटली, कीबोर्ड तिथे लावला, आणि बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला. मी शिफ्ट असं धरलं की बोटाचं टोक पांढरं पडलं.

जांभळ्या पडद्यावर यादी आली. अॅडव्हान्स्ड. आत नव्या कर्नलच्या दोन ओळी, आणि खाली जुन्याच्या. बाणाचं बटण दाबताना चुकून वरचीच निवडली जाईल म्हणून मी प्रत्येक ओळीवर थांबत थांबत खाली गेले. जुनी ओळ. एंटर.

अक्षरं पुन्हा धावली. मध्येच थांबली, डिस्क तपासतो आहे असं काहीतरी लिहून. पिन ओढली होती ना, म्हणून. ते थांबणं मला सहन होईना. उठून पाळण्याशी गेले, मिहूचा श्वास बघितला, परत आले. अजून तिथेच. पुन्हा गेले. परत आले तेव्हा पडद्यावर माझं नाव होतं आणि ते पासवर्ड मागत होतं.

“आलं?” सासूबाई केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

व्हिडिओ जागच्या जागी होता. मोबाइल वायरीवर आजही दिसेना, आणि पेनड्राइव्ह शोधायला वेळ नव्हता. मी योगेशना हाक मारली. “तुमचा मोबाइल पडद्यासमोर धरा. मी हे लावते, तुम्ही शूटिंग करा. हात हलवू नका.”

असं आम्ही तिघांनी ते पहिल्यांदा एकत्र पाहिलं.

पडद्यावर मिहू डोळे उघडते. मान पडते, हात उघडतात. थांबते. पुन्हा. सासूबाईंच्या हातातला दोरा तसाच राहिला. पुन्हा. योगेशनी मोबाइल धरलेल्या हाताचं मनगट दुसऱ्या हाताने पकडलं. प्रत्येक वेळी थोडं जोरात. शेवटी शेवटी मिहू रडायला लागते, आणि रडता रडताही तिची मान पडते.

व्हिडिओ संपला. सासूबाई म्हणाल्या, “अवं माय. हे दचकणं नोय.” मग वेगळ्याच आवाजात, “मी मांडीवर घेतली का असंच होते तिले. मले वाटे, माया हात थंडा लागते.”

योगेश पाळण्याकडे गेले आणि मिहूला झोपेतच उचलून गाडीत नेऊन बसले.

अनुपने पुढच्या दोन आज्ञा लिहून पाठवल्या होत्या. त्या चालवल्या की अर्धवट अपडेट पुरं होणार होतं आणि नवा कर्नलही नीट उठणार होता. मी हात लावला नाही. मोबाइलमधला व्हिडिओ पडद्यावरून घेतलेला, धुरकट. डॉक्टरांना अस्सल हवा असला तर?

“आई, हे बंद करू नका. काही झालं तरी.”

“नाई करत. तू जाय.”

फुलांच्या गाडीला एसी नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत मिहूचे गाल लालबुंद झाले. मी ओला रुमाल फिरवत राहिले आणि ती उठायची वाट बघत राहिले. उठली ती हसतच उठली, अगदी शहाण्यासारखी. दवाखान्यात नर्सच्या पेनाला धरून हसली. डॉक्टरांकडे बघून हसली. मी काही सांगायच्या आधीच मोबाइल पुढे केला.

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. संपल्यावर मला परत दिला नाही, पुन्हा सुरुवातीपासून लावला. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांनी पहिलं बाळ का, असं विचारलं नाही. झोप लागते का, असंही नाही. विचारलं, “हे केव्हापासून आहे?”

मी सांगितलं.

“चांगलं केलंत हे आणलं. आजच मेंदूचा आलेख काढू. बहुतेक आजपासूनच औषध सुरू करावं लागेल. परत जायची घाई करू नका.”

इतके दिवस मला एवढंच हवं होतं, कोणीतरी म्हणावं की तुला दिसतं ते खरं आहे. आता म्हटलं गेलं होतं, आणि ते परत घेता आलं तर काय वाट्टेल ते देईन असं झालं होतं.

मिहूच्या डोक्याला तारा चिकटवत होते तेव्हा माझा फोन वाजला. सासूबाई.

“चालूच हाय वं तुयं ते. मी इथंच बसली हाय त्याच्यापाशी. त्या पडद्यावर कायचा तरी डबा आला होता, मी हात नाई लावला.”

“आई, कूलर?”

“कूलर कायले? बोर्ड एकच हाय.”

“अन् उद्याच्या कळ्या?”

“फुलल्या,” त्या म्हणाल्या. खोलीतला उकाडा त्यांच्या आवाजात होता. “राहू दे फुलल्या त. डॉक्टर काय म्हणे?”

आत मिहू रडायला लागली होती. मी फोन कानाशी धरून दारापर्यंत गेले, तिची मान दिसेल तिथे उभी राहिले, आणि सांगायला सुरुवात केली.