कुंडीतली आवणी

दिपालीला हातभरच वाढणारं झाड हवं होतं. त्याहून उंच झालं तर फूल खिडकीच्या वर जाणार, आणि खाटेवर पडलेल्या सासूला ते दिसायचं नाही. पार्वतीला आता मान फार वर उचलता येत नव्हती. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. त्याचा अर्थ घरात कोणी कोणाला विचारला नव्हता.

"मना खाचर दाखव गो एकदा," एवढंच ती म्हणायची.

खाचर कुठलं दाखवायचं? वळ गावातल्या त्यांच्या भातशेतावर गोदामासाठी मुरूम पडून दोन वर्षं झाली होती. खिडकीतून गोदामाचे निळे पत्रे तेवढे दिसत. म्हणून दिपालीनं ठरवलं, जाण्याआधी आयेला निदान एक फूल उमललेलं दिसलं पाहिजे.

धामणकर नाक्यावरच्या बियाणेवाल्यानं बुटक्या सूर्यफुलांचं पाकीट काढून दिलं. "भाभी, जिथं बी टाकाल तिथंच वाढू द्या. याचं मूळ सरळ खाली जातं. हललं की झाड गेलं समजा."

खिडकीचा कट्टा खाटेला लागूनच होता. दिपालीनं त्यावर कुंड्या मांडल्या, बोटाच्या पेराएवढी भोकं पाडून बिया टाकल्या. तान्ही भाविका झोपली की ती पाणी घालायची. पार्वती पडल्या पडल्या बघायची. कोंब वर आले, टरफलाची टोपी डोक्यावर घेऊन. मग टोपी पडली, पानं फुटली, रोपं चांगली बोटभर झाली.

"दाट झाली गो," पार्वती म्हणाली.

"होऊ दे, आये," दिपाली म्हणाली आणि भाविकाला डोस द्यायला दवाखान्यात गेली.

परत आली तर पार्वती उशीला टेकून बसली होती. कशी उठली, तिलाच ठाऊक. मांडीवर, चादरीवर माती. सगळी रोपं तिनं उपटली होती, मुळांची माती खाटेच्या कडेवर आपटून झाडली होती, लुगड्याची चिंधी फाडून त्यांची मूठ बांधली होती. प्यायच्या तांब्यातलं पाणी कुंड्यांत ओतून चिखल केला होता. आणि त्या चिखलात अंगठ्यानं दाबून चार-चार रोपांचे झुबके लावणं चाललं होतं. भाताची आवणी करतात तसं. माघातल्या उन्हात तिचा आषाढ सुरू होता.

"कव्हा आलीस? तू येईपर्यंत अर्धी आवणी उरकली मी. तुम्ही आजकालच्या पोरी नुसत्या बोलायच्या!"

दिपाली ओरडणारच होती. आये, हे भात न्हाय. आता वेळ कुठं आहे पुन्हा?

पार्वतीचा चेहरा घामानं डबडबला होता. कित्येक महिन्यांत तो असा दिसला नव्हता.

"लागतील ना गो?"

दिपालीनं भाविकाला पाळण्यात ठेवलं. पदर खोचला. उरलेली मूठ उचलून सासूच्या हातात दिली.

"लागतील, आये. तुमच्या हातची कधी लागली न्हाईत?"

त्या दिवशी पार्वती दोन घास पेज जास्त जेवली.

संध्याकाळपर्यंत रोपांनी माना टाकल्या. दिपाली दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाऊन नवं पाकीट घेऊन आली आणि सासूचा डोळा लागलेला बघून त्याच चिखलात बिया खोचल्या. पार्वती रोज विचारायची, "लागली का?" आणि दिपाली रोज सांगायची, "लागली." नवे कोंब वर आले, त्यांनी टोप्या टाकल्या, आणि एका दुपारी पार्वतीनं विचारलं नाही.

नवऱ्यानं, देवेशनं, खाट आवरू म्हटलं, दिपालीनं राहू दिली. एकेका कुंडीत दोन-दोन रोपं झाली होती, त्यातलं एक काढायला हवं होतं. हात पुढं जायचा आणि मागं यायचा. शेवटी कुठलंच उपटलं नाही.

एकमेकांना आवळत का होईना, सगळी फुलली. वाटीएवढीसुद्धा नाही, पण पिवळीधमक. आणि सगळ्यांची तोंडं बाहेर, गोदामावरून येणाऱ्या उन्हाकडं. खाटेकडं नुसती हिरवी पाठ.

हे आपल्या ध्यानातच आलं नव्हतं. आये असती तरी तिला पाठच दिसली असती.

दिपालीनं एकेक कुंडी उचलून फिरवली. फुलांची तोंडं रिकाम्या खाटेकडं आली. मग भाविका रडायला लागली, तशी तिला घेऊन ती त्या खाटेवरच पाजायला बसली.